तागलांग लाच्या चढावर

"दीदी, ऊपर ज़्यादा रुकना मत. फोटो लेके सीधा उतर जाना."

मनाली-लेह रस्त्यावरच्या तागलांग ला या लडाखातल्या खिंडीच्या शेवटच्या वळणांवर खडी पसरणाऱ्या एका मुलाने हे सांगितलं. तोंडाला मफलर, हातात फावडं, शेजारी डांबराच्या ड्रमाखाली जाळ. मी सायकल ढकलत होते. चार पावलं, मग थांबून श्वास.

विचारलं, कुठला तू? "दुमका." झारखंडातला. सपाटीवरचाच, माझ्यासारखा.

रात्री खिंडीखालच्या रुमत्से गावाला पोचले तरी त्याचं ते 'उतर जाना' डोक्यातून जाईना. खिंड ५,३२८ मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. विरळ हवेतला साधा नियम आहे: चढा उंच, झोपा खाली. मी तो पाळला, हजारभर मीटर खाली येऊन गरम थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, प्यायले. त्याने नियम मला सांगितला आणि स्वतः फावडं उचललं. त्याचा तंबू वरच, रस्त्याच्या कडेला.

२०२० च्या टाळेबंदीत दुमक्याहून लडाखच्या रस्त्यांसाठी मजुरांची खास रेल्वे सोडली होती. एवढी गरज आहे या माणसांची! आणि आपण खिंडीची उंची तोंडपाठ म्हणून दाखवतो, रस्ता कोणी केला ते कोणाला ठाऊक नसतं. मला याचा खरंच राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात मनाली-लेह करणाऱ्यांनो, पॅनिअरमध्ये (सायकलच्या बाजूच्या पिशवीत) या मजुरांसाठी दोन जादा गॉगल आणि चांगले हातमोजे टाकाल का? बर्फावरच्या उन्हात डोळे फार भाजतात.