तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या घरातला जुना गालिचा कशाला?

घरी पाहुणे आले की चहाचा कप हातात घेऊन खाली बघतात आणि विचारतात, अगं नवीन का नाही घेतलास, कुणाकुणाचे पाय लागलेला साठ वर्षांचा गालिचा पैसे देऊन कशाला आणायचा, आणि आणायचाच तर चांगला कुठला हे कळतं कसं. इतक्या वेळा विचारलंत की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते.

मी स्वीडनमध्ये उप्सालाला राहते. इथे लॉपिस म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार, शनिवार-रविवारी कुठे ना कुठे लागलेला असतो, आणि मी तिथे शोधते ते १९५०-६०च्या दशकांतले लोकरीचे गालिचे. दोन प्रकार मला फार आवडतात. एक रोलाकान, सपाट विणीचा, दिसायला आपल्या सतरंजीसारखा पण लोकरीचा, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे आडवे धागे एकमेकांत अडकवलेले असतात म्हणून मध्ये फट राहत नाही. दुसरा रिया, गाठी मारून केलेला, लांब लांब केसांचा. रिया मुळात जमिनीवर टाकायचा नव्हताच, ते पांघरूण होतं, केसांची बाजू अंगाकडे घेऊन झोपायचे, कोळी लोक बोटीवरसुद्धा न्यायचे कारण कातडं खाऱ्या पाण्याने कडक होतं, लोकर होत नाही. हे वाचलं तेव्हा मला थेट आजोबांची घोंगडी दिसली. माझं आजोळ म्हसवडकडचं, तिथे अंथरायला घोंगडी, पांघरायला घोंगडी आणि पाऊस आला की डोक्यावर खोळही तिचीच. रोलाकान ओला झाला की अगदी तोच वास येतो हो, भिजलेल्या घोंगडीचा, आणि मला तो मनापासून आवडतो. नवीन पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्याच्या गालिच्याला कसलाच वास नसतो आणि दोन-तीन वर्षांत त्याचा चालायच्या वाटेवरचा भाग चपटा होऊन बसतो.

आता निवडायचा कसा. उलटा करा. खरंच, आधी उलटा करा आणि मग रंगाच्या प्रेमात पडा. हाताने केलेल्या रियाच्या मागे गाठींच्या ओळी दिसतात, चिकटवलेलं जाड कापड दिसलं तर तो हाताने गाठी मारलेला नाही. घडी घालून कानाशी धरा, कडकड असा आवाज आला तर आतले उभे धागे कुजलेत, तो कितीही सुंदर असला तरी ठेवून या. उजेडासमोर धरा, विरलेलं लगेच कळतं. पांढरा ओला रुमाल लाल भागावर दाबून बघा, रंग लागला तर तो गालिचा कधीच धुता येणार नाही. लोकर आहे का कळत नसेल तर विकणाऱ्याला विचारून सुटलेला एक धागा जाळा, केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर नाही.

आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. हे मी पैसे घालवून शिकले. एका ऑनलाइन लिलावातून फक्त वरचे फोटो बघून रिया घेतला, घरी उलगडला तर सोफ्याखाली राहिला असेल तो सगळा कोपरा आतून खाल्लेला, केस मुठीत यायला लागले. त्या दिवशी रडू आलं मला, ज्या बाईने त्या हजारो गाठी मारल्या असतील तिच्यासाठी. तेव्हापासून आलेला रोलाकान, कसर मरावी म्हणून, आधी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून मैत्रिणीच्या मोठ्या फ्रीझरमध्ये, उणे १८ला, दोन आठवडे, मगच घरात.

गालिचे डिझाइन करणाऱ्यांच्या नावांचं पण विचारता. मेर्ता मोस-फ्येत्तरस्त्रोम यांनी १९१९मध्ये बोस्टाड गावात विणकामाची कार्यशाळा काढली, त्या १९४१मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी बार्ब्रो निल्सननी डिझाइनची सूत्रं घेतली. मेर्ता असताना कडेला एमएमएफ विणायचे, नंतर एबी एमएमएफ (एबी म्हणजे कंपनी) आणि सोबत डिझाइनरची आद्याक्षरं, म्हणजे बार्ब्रोंचं बीएन. रियामध्ये व्हिओला ग्रोस्तेन, १९४४मध्ये फिनलंडहून इथे आल्या, त्यांचे रंग बघून तर मी अक्षरशः उभी राहते. पण सही असली की किंमत आपल्या आवाक्याबाहेर जाते, आणि माझ्या मते बिनसहीचे कितीतरी गालिचे तितकेच जीव लावून विणलेले असतात, तेच शोधा. एक विक्रेता मला ‘हा १९५५चा’ म्हणून सांगत होता आणि मागे लेबलवर वुलमार्कचं, म्हणजे शुद्ध लोकरीचं चिन्ह, ते चिन्हच १९६४मध्ये आलं! गालिचा छान होता, मी घेतला, पण साठोत्तरी भावात.

साफ कसा करते हेही विचारलं होतंत ना. इथे जुन्या इमारतींच्या अंगणात गालिचे झोडपायला लोखंडी दांडे असतात, आणि थंडीत त्याहून भारी सोय म्हणजे बर्फ. चांगली कोरडी थंडी पडली की गालिचा तासभर बाहेर गार होऊ द्यायचा, मग भुसभुशीत बर्फावर पालथा घालायचा, वेताच्या झोडपणीने मारायचा, उचलून पुन्हा स्वच्छ जागी. मागे बर्फावर करड्या धुळीचा चौकोन उरतो आणि वर विटकरी लाल असा काही उठतो की शेजारच्या आजी खिडकी उघडून विचारतात, नवीन घेतलास का?