चपला कोण झिजवतं?

नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. ऑडिटच्या फायलींपायी सलग तीन रात्री जागलो होतो आणि चौथ्या दिवशी रजा हवी होती. साहेबांना मेल इंग्रजीतच लिहायचा असा तेव्हाचा दंडक. मी मराठी शाळेतला. शब्दकोशात 'झिजणे' काढलं, समोर 'वेअर' दिसलं, मागे काहीतरी शेपूट लागतं एवढं अंधुक आठवत होतं, म्हणून 'ऑफ' लावून दिलं. 'आय हॅव वोर्न ऑफ.' साहेब परळचे. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अरे, दाढ काढल्यावर भूल उतरते ना, ती वोर्न ऑफ. तू काय भुलीचं इंजेक्शन आहेस? तू वोर्न आउट झालायस." रजा मिळाली, पण दिवसभर घरी पडून मी त्या शेपटांचाच विचार करत होतो.

क्रियापद एकच, शेपूट बदललं की सगळं बदलतं. बुटाचा सोल वेअर आउट होतो. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या पायऱ्या पावसानं आणि पावलांनी वेअर अवे होत आल्यात, त्यांना दोन हजार वर्षं लागली. सुट्टीचा आनंद सोमवारी अंधेरीची लोकल पकडेपर्यंत वेअर ऑफ होतो. आणि माणसाचा विरोध हळूहळू घासून संपवला, की ते वेअर डाउन.

आपण असं एका खुंटीवर सगळं टांगत नाही. आपल्याकडे कापड विरतं, रंग विटतो, धार बोथटते, दगड झिजतो, नाणं गुळगुळीत होतं आणि माणूस टेकीला येतो. ज्याची त्याची थकण्याची रीत वेगळी. इंग्रजांनी मात्र हे सगळं अंगावरच्या कपड्यांवरून उचललंय. 'वेअर' म्हणजे मुळात अंगावर घालणं; घालून घालून कपडा विरतो, त्यावरून झिजण्याचा अर्थ आला. म्हणजे नवा शर्ट पहिल्यांदा घातला त्याच दिवशी तो झिजायला लागला, हे त्यांच्या भाषेत आधीच लिहून ठेवलेलं. आपण शर्ट घालतो तेव्हा असलं काही मनात येत नाही, आणि तेच बरं. गंमत म्हणजे थकलेला या अर्थाचा 'विअरी' हा त्याचा भाऊ वाटतो, पण त्याचं कूळ वेगळं. चेहरेपट्टी तेवढी जुळते.

मुंबईत हा शब्द सगळ्यांना भेटतो तो भाड्याच्या करारनाम्यात. 'नॉर्मल वेअर अँड टेअर' सोडून बाकी नुकसान भाडेकरूचं. भिंतीवरचा ओल्या डोक्याचा डाग नॉर्मल की नाही, यावरून डिपॉझिटचे किती रुपये कापले गेले ते मी सांगत बसत नाही.

एका ठिकाणी मात्र दोन्हीकडच्यांना एकच सुचलंय. वापरून वापरून चव गेलेल्या वाक्याला इंग्रजीत 'ट्राइट' म्हणतात. त्याचं लॅटिन मूळ घासण्याचं. आपणही त्याला गुळगुळीतच म्हणतो. श्रद्धांजलीच्या जाहिरातीतलं 'चंदनासारखे झिजले' हे त्याचंच उदाहरण. घरात सहाण आणि खोड दोन्ही नाही, पण माणूस गेला की चंदन हजर.

खरं अडतं ते 'वेअर डाउन'पाशी. त्यात कुणीतरी कुणाला तरी झिजवत असतं. दे वोर मी डाउन. कर्ता उघड आहे, ते. मराठीत याच अनुभवाला आपण काय म्हणतो? 'मी चपला झिजवल्या.' 'मी उंबरठे झिजवले.' हेलपाटे घालायला लावणारा माणूस वाक्यात कुठंच नाही. कर्ता मी, चपला माझ्या आणि झिजवणाराही मीच! उंबरठा तर काही झिजत नाही, कचेरीच्या दाराला ॲल्युमिनियमची पट्टी असते.

बाबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यातले एक. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा म्हणायचे, "संप मिटला कुठे? विरला." आयुष्यभर कापड विणलेल्या माणसाचा शब्द. पुढे इंग्रजी वाचायला लागल्यावर मला कळलं की गिरण्या बंद ठेवून नुसती वाट बघत बसणं याला नेमकं वेअर डाउन म्हणतात. थांबायची ऐपत ज्याची जास्त, तो जिंकतो. आमच्या खोलीत तेव्हा आईनं मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा मोडल्या होत्या.

नंतर गिरणीकडे अडकलेल्या देण्यांसाठी बाबा तीन वर्षं एका कचेरीत जात होते. टेबलावरचा माणूस वाईट नव्हता. तो दर वेळी "काका, पुढच्या सोमवारी बघू" एवढंच म्हणायचा, अगदी गोड आवाजात. बाबा लालबागहून चालत जायचे, बसचे पैसे वाचवायला. चपलेची उजवी टाच बाहेरच्या अंगानं पार गेली. नाक्यावरच्या चांभारमामांनी ती हातात फिरवून बघितली, बोटानं कड चाचपली आणि म्हणाले, "तुम्ही उजवीकडं कलून चालता. रबर टिकायचं नाही. टायर लावू?" रापीनं त्यांनी जुन्या टायरचा तुकडा कापला, खिळे ठोकले. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "आता बघू, आधी कोण झिजतं."

ट्रकला निकामी झालेला, म्हणजे इंग्रजीत चक्क वोर्न आउट ठरलेला टायर तो. देणी आली, ठरली होती त्याच्या निम्म्याहून कमी. बाबाही गेले. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या चपला सापडल्या. अंगठा तुटलाय, पट्टे कडक होऊन वाकलेत. उलट्या करून बघितल्या तर टाचेजवळ टायरची नक्षी अजून हाताला लागते, उजवीकडं थोडी कमी.