पहिल्या आंघोळीचं जाळीचं धिरडं

दिवाळीला वॅफल करायचं तर आत्तींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, अट एकच होती. पहिल्या आंघोळीला देवापुढं फराळाचं ताट ठेवेपर्यंत स्वयंपाकघरात अंडं फुटता कामा नये. एरवी आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात तांबड्या-पांढऱ्याशिवाय रविवार साजरा होत नाही, पण दिवाळीची ती पहाट वेगळी. मी लगेच मान डोलावली. नंतर माळ्यावरून यंत्राचं खोकं काढलं, कृती वाचायला बसले आणि कळलं की वॅफलच्या बहुतेक कृतींची सुरुवातच 'दोन अंडी फोडून' अशी आहे.

वॅफल म्हणजे दोन तापलेल्या साच्यांमध्ये मिटून भाजलेली, खळग्याखळग्यांची जाड परदेशी पोळी. त्याचं यंत्र पुण्याच्या वन्संनी गणपतीत दिलेलं. मुलं राजारामपुरीत जाऊन काडीला टोचलेलं वॅफल चॉकलेटात बुडवून खातात, तेव्हा 'घरीच करा की' असा त्यामागचा हिशोब. माझं कारण वेगळं होतं. नरकचतुर्दशीला आम्ही साडेचारला उठतो. तेल, उटणं, आंघोळ, मग तुळशीपुढं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, आणि कुडकुडत येऊन बसलं की पुढ्यात काय? चिवडा, चकली, करंजी, शंकरपाळी. सगळं खमंग, सगळं गार. पहिल्या आंघोळीला एक तरी पदार्थ वाफाळता हवा, असं मला लग्न होऊन आल्यापासून वाटत होतं. पोहे असतात, पण पोहे काय, रोजच असतात.

अंड्याशिवाय वॅफल होतं. फक्त अंडं काय काय काम करत होतं ते समजून घ्यावं लागतं. फेटलेलं पांढरं पिठाला हलकं करतं आणि भाजल्यावर आकार धरून ठेवतं. हलकेपणासाठी मी घरचं आंबट ताक आणि सोडा घेतला. ताकातलं आंबट सोड्याला लागलं की बुडबुडे येतात, म्हणून सोडा घातल्यावर पीठ ताटकळत ठेवायचं नाही. थोडी बेकिंग पावडरही घातली. ती पोळल्यावर पुन्हा एकदा फुलते. कुरकुरीतपणासाठी तांदळाची पिठी. ही युक्ती चकली करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावी लागत नाही.

मसाल्यावर मात्र माझं घोडं अडलं. वेलदोडे, लवंगा, दालचिनी, मिरी मिक्सरला फिरवली आणि झाकण काढलं तर दरवळ आला तो लसणाचा! त्याच भांड्यात आठवड्यापूर्वी चटणी केली होती. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, बाहेरच्यांनी उगीच ओल्या खोबऱ्याची समजू नये. भांडं तीनदा घासलेलं, पण झाकणाच्या रबराखाली चटणी जी जाऊन बसते ती वर्षभर हलत नाही. त्या मसाल्याचं एक वॅफल केलंही. धाकट्या भावजींनी खाल्लं आणि म्हणाले, "वहिनी, ह्याच्याबरोबर रस्सा पायजे होता."

मग खलबत्ता काढला. तीन वाट्या पिठाला दहा वेलदोड्यांचे दाणे, सहा लवंगा, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, सात-आठ मिरी. सोबत चमचाभर साखर टाकायची, म्हणजे दाणे बत्त्याखालून उडत नाहीत आणि पूड पिठासारखी होते. सुंठेची पूड एक चमचा आणि पाव जायफळ वरून किसून. दालचिनी जाड सालीची होती. तीच आपल्याकडं जास्त मिळते आणि ती तिखट असते. पातळ, पापुद्र्यासारखी सिलोनची मिळाली तर थोडी जास्त चालेल. हा मसाला नुसता हुंगला तर फार वाटतो, भाजल्यावर निम्मा राहतो. मिरीबद्दल घरात दोन तट पडले, मी माझ्या मतावर ठाम राहिले. मिरीशिवाय हे सगळं श्रीखंडासारखं लागतं.

आता गूळ. कोल्हापुरात राहून वॅफलमध्ये साखर घालायची हे मला पटेना. पहिल्या खेपेला गरम दुधात गूळ विरघळवायला गेले आणि दूध फाटलं. गुळात आंबटपणा असतो, उकळत्या दुधात तो गेला की हेच होणार. लहानपणापासून गुळाच्या चहाला आई दूध शेवटी आणि गॅस बंद करून घालायची ते पाहत आलेय, तरी केलं. ते नासलेलं दूध कणकेत मुरवलं, फुकट नाही गेलं.

दुसऱ्या खेपेची चूक वाचून केलेली होती. बेल्जियममध्ये लिएज नावाच्या गावचं वॅफल असतं, त्यात साखरेचे टपोरे खडे घालतात. ते साच्याला लागून वितळतात आणि बाहेरून काचेसारखा पापुद्रा येतो. म्हटलं, साखरेचे खडे चालतात तर गुळाचे का नाही? हरभऱ्याएवढे तुकडे केले, पिठात मिसळले, यंत्र मिटलं.

चार मिनिटांनी झाकण उचललं तर वॅफल मधोमध फाटलं. वरचा पापुद्रा वरच्या साच्याला, खालचा खालच्याला आणि मध्ये गुळाच्या तारा, चिक्कीच्या पाकासारख्या. काळ्या. धूर असा झाला की आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वरच्या मजल्यावरून "काय जळालंय गं?" म्हणत खाली आल्या. लिएजचं पीठ मुळात यीस्टचं, लोण्यानं जड, पावाच्या कणकेसारखं असतं आणि तिथले खडे दाबून घट्ट केलेले असतात हे मी नंतर नीट वाचलं. आपला गूळ ओलसर आणि मऊ. पातळ पिठात तो लगेच सुटतो आणि साखरेच्या आधी करपतो. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून तव्याला त्याचं काय कौतुक?

साफ करायला दीड तास गेला. यंत्र पाण्यात बुडवता येत नाही, सुरीनं खरवडलं तर लेप निघणार. प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांत गूळ दगड होऊन बसलेला. शेवटी आत्तींनीच तोडगा काढला. वायर काढून ठेव, कोमट असतानाच ओलं फडकं आत घाल आणि मिटून टाक. दहा मिनिटांनी वाफेनं गूळ मऊ झाला आणि बांबूची काडी घेऊन एकेक कोपरा निघाला. "करंजीचं सारण फुटल्यावर कढई अशीच काढायची असती," एवढंच बोलल्या. तोपर्यंत त्या या सगळ्याकडं लांबून बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी त्याला नाव दिलं, 'जाळीचं धिरडं'.

गुळाचं उत्तर पन्हाळ्याच्या रस्त्यावर सापडलं. दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, ओळखीचं एक आहे. काहिलीत रस उकळत होता, मळी काढायला भेंडीचं पाणी घातलेलं, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, दांड्यानं हलवत उभा. आम्ही ताजा गूळ घ्यायला गेलेलो, त्यानं आधी द्रोणात काकवी दिली. गुळाला रस 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत आटवतात, काकवी त्याच्या बरीच आधी, साधारण 105 वर काढून घेतात, म्हणून ती घट्ट न होता ओतण्याजोगी राहते. परदेशात वॅफलवर मेपलच्या झाडाचा पाक ओततात. मी द्रोण चाटत उभी होते आणि डोक्यात लख्ख पडलं की गूळ आत घालायचाच कशाला?

म्हणून पिठात फक्त तीन चमचे गूळ, किसून, कोमट पाण्यात विरघळवून, गाळून. तेवढा रंगाला लागतोच, नाहीतर वॅफल आजारी माणसासारखं पांढरं दिसतं. बाकी गोडी वरून.

तिसऱ्या रविवारी वॅफल सुटली, सोनेरी, आठ. मी खूश होऊन ती पोळ्यांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सगळे जमेपर्यंत त्यांचा स्पंज झाला. पोळीला जी वाफ मऊ ठेवते तीच याला मारते. वॅफल एकावर एक रचायचं नाही आणि झाकायचंही नाही, उघड्यावर जाळीवर ठेवायचं. आमच्याकडं वांगी भाजायची जाळी होती. मोठा तवा अगदी मंद आचेवर, त्यावर जाळी, जाळीवर वॅफल. दहा-बारा मिनिटं कुरकुरीत राहतात. यंत्र उघडायची घाईही करायची नाही. कडेनं येणारी वाफ थांबली की समजायचं आत शिजलं. वाफ असताना उघडलं तर पुन्हा फाटतं.

घरात आम्ही अकरा जण. माणशी दोन म्हणजे बावीस, यंत्रात एका वेळी दोन, एका घाण्याला पाच मिनिटं. पंचावन्न मिनिटं. म्हणून आदल्या रात्री कोरडं सगळं मिसळून ठेवलं: दोन वाट्या मैदा, एक वाटी कणीक, सहा चमचे तांदळाची पिठी, मसाला, दोन चमचे बेकिंग पावडर, मीठ. सकाळी तीन वाट्या ताक, गुळाचं पाणी आणि अर्धी वाटी वितळलेलं लोणी घालायचं, अगदी शेवटी एक सपाट चमचा सोडा. ढवळायचं अगदी थोडं. गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, फार घोटलं की वॅफल चिवट होतं. एवढ्यात बावीस होत नाहीत, सोळा-सतरा होतात, म्हणून कोरडं आणखी एकदा निम्म्यानं बांधून ठेवलं होतं. लोणी गंगावेशीतल्या म्हशीच्या दुधाचं. दुधाच्या कट्ट्यावर समोर धार काढून देतात, त्या दुधाची साय आठवडाभर जमवून विरजलेली.

पहाटे पाच वाजता पहिला घाणा घातला आणि घर अंधारात गेलं.

गिझर 2000 वॅटचा, यंत्र 750 चं, वर आकाशकंदील आणि माळा, आणि आमच्या जुन्या भागाचा फ्यूज एकच. बाथरूममधून उटणं लावलेल्या मुलाचा आवाज, "आई, पाणी गार आलं!" मालक बॅटरी घेऊन फ्यूजची तार बांधायला गेले. मी यंत्रावर हात ठेवून उभी, अर्धवट फुगलेलं पीठ आत. तेवढ्यात परसातून उजेड दिसला. आत्तींनी तांब्याचा बंब पेटवलेला. दिवाळीला चिंचेनं घासून ठेवायचा म्हणून ठेवतात, आंघोळी गिझरवरच होतात. त्या नारळाच्या शेंड्या सारत बसल्या होत्या.

"तू तुझं धिरडं बघ. पाण्याचं मी बघतो," म्हणाल्या. (आमच्याकडं बायका 'मी बघतो, मी जातो'च म्हणतात. सासरी येऊन मलाही बारा वर्षं झाली, बोलताना माझंही तसंच होतं.)

गिझर बंद राहिला, आंघोळी बंबावर झाल्या. पहिली दोन वॅफल मधे थंडावल्यानं चप्पट झाली, ती मीच खाल्ली. तिसऱ्या घाण्यापासून लय सापडली. ब्रशनं तेल लावायचं, पळीभर पीठ मधोमध ओतायचं, मिटायचं, वाफ बघायची. आत दिवे, बाहेर फटाके आणि स्वयंपाकघरात सुंठ-जायफळाचा तो दरवळ, ओल्या केसांच्या उटण्यात मिसळलेला. पहिलं ताट देवापुढं गेलं, फराळाबरोबर एक वॅफल, वर तुळशीचं पान. आत्तींनी ते स्वतः ठेवलं.

मुलांनी काकवीचा पूर केला, खळगा न् खळगा भरून. भावजींनी लोण्याबरोबर चिवडा पसरून खाल्लं. ते मला आधी पटलं नाही, नंतर मीही तसंच खाल्लं. आक्का म्हणाल्या लवंग एक कमी चालेल. आत्ती सगळ्यांत शेवटी बसल्या. वॅफल उजेडाकडं धरून अनारशासारखं पाहिलं, "जाळी बरी पडलीया," म्हणाल्या, तुकडा मोडला आणि चहात बुडवला. काकवीला हात लावला नाही.

दुसरा तुकडा बुडवताना मला विचारलं, "पुस्तकात किती अंडी सांगितल्यात?"

"दोन-तीन."

"मग भाऊबीजेला घालून बघ की. आपलं फक्त पहिल्या आंघोळीचं होतं."