पाबळला गेलो मस्तानीसाठी, परत आलो माती डोक्यात घेऊन

खरं सांगायचं तर निघालो होतो मस्तानीची समाधी बघायला. नगर रोडला शिक्रापूरपर्यंत ट्रकांच्या मागे सरकत (त्या ट्रॅफिकबद्दल नकोच बोलायला), मग डावीकडे वळलो आणि एकदम मोकळं माळरान, पाऊस कमीच या बाजूला. समाधी साधीशीच आहे, पंधरा मिनिटांत बघून झाली. टपरीवरचे काका म्हणाले, "आलाच आहात तर विज्ञान आश्रम बघून जा की, ती गोल घुमटांची घरं."

गेलो. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून इथे आले आणि 1983 मध्ये हे सुरू केलं. त्यांचा शाळांसाठीचा कार्यक्रम भारी आहे, आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात, शेती-पशुपालन, वेल्डिंग-बांधकाम, ऊर्जा, आरोग्य असं सगळं, आणि शिकवायला गावातलेच शेतकरी नाहीतर कारागीर. शिवाय गावाची कामंही करतात, कुणाची माती तपास, कुणाचं हिमोग्लोबिन बघ, वर खर्चाचा हिशोब पण पोरांनीच मांडायचा. आमच्या शाळेत कार्यानुभव म्हणजे क्रेप पेपरची फुलं, ती पण आईनं केलेली!

तिथे एका मुलीला विचारलं, माती घेतात कशी गं? तर ती सुरूच झाली. व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, अशी शेतात आठ-दहा ठिकाणी, मग सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, परत चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको, नुकतंच खत टाकलेल्या रानातली तर नकोच. मी सायन्स ग्रॅज्युएट, नत्र-स्फुरद-पालाश नुसतं पाठ केलेला, गप ऐकत उभा.

आमच्या सोसायटीतल्या पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता की आख्खा दिवस वर्गाबाहेर, मग दहावीचं काय? असो.

येताना गाडीतूनच मामांना फोन लावला, म्हटलं तुमच्या कांद्याच्या रानातली माती तपासून घेऊ. मामा म्हणाले, "बांधावरची आणतो की पिशवीभर, कोण आत चिखलात जाणार."

म्हटलं, मामा, बांधावरची नाही चालत.