तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या टँकमधला गोल्डफिश काळू, दुसऱ्या गोल्डफिशला, भोपळीला, वाचवत होता का?

माहीत नाही. एवढंच उत्तर आहे माझ्याकडे आणि ते कुणालाच पुरत नाही. मी टाकलेल्या व्हिडिओत भोपळी आडवी तरंगतेय, काळू खालून येऊन तिच्या पोटाला डोकं लावतोय, ती जराशी सरळ होते, परत कलंडते, तो परत येतो. बस. यावर निम्मे लोक विचारतात "ताई, तो तिला वाचवत होता ना?" आणि उरलेले विचारतात "मारत होता ना?" दोघांचंही उत्तर आधीच ठरलेलं असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो. तेव्हा आता एकदाच काय ते सगळं सांगते.

आणि हो, गोल्डफिश तीन सेकंदांत सगळं विसरतो ही गोष्ट कृपया मध्ये आणू नका. 2022 मध्ये इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठात गोल्डफिशनी चाकांवर बसवलेला टँक स्वतः हाकत नेमून दिलेल्या खुणेपर्यंत नेला होता, तीन सेकंदांत विसरणाऱ्याला हे जमेल का? पण म्हणून ते मैत्री करतात असंही यातून निघत नाही, आणि हे दुसरं वाक्य कुणी ऐकतच नाही.

आधी "मारत होता"वाल्यांना. काळू ब्लॅक मूर आहे, म्हणजे बटबटीत डोळ्यांचा काळा गोल्डफिश, नर. नर वयात आला की सीझनला त्याच्या गिलच्या (कल्ल्यांच्या) झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे दाणे उठतात, लोक ते व्हाइट स्पॉट हा रोग समजून उगाच औषध ओततात. दाणे उठले की तो मादीच्या मागे लागतो, अंडी सुटावीत म्हणून तिच्या पोटाला, शेपटीच्या मुळाशी ढुशा देत राहतो, आणि ते बघायला अजिबात गोड नसतं. मादी अंड्यांवर आली की तिच्याकडून प्रोस्टाग्लँडिन नावाचं हार्मोन पाण्यात उतरतं आणि त्या वासानेच नर पिसाळतात, ती ठणठणीत आहे की आजारी याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्यात काळूला त्या बटबटीत डोळ्यांनी धड दिसत नाही, तो वासावर आणि धक्क्यांवरच जगतो. त्या आठवड्यात त्याच्या गिलवर दाणे होते, व्हिडिओ थांबवून बघा, काळ्या अंगावर स्पष्ट दिसतात. म्हणजे ढुशा होत्या हे खरं. पण मारणं? गोल्डफिश सिक्लिडसारखे इलाका धरून दुसऱ्याचा जीव घेणारे मासे नाहीत. खाण्यावरून धक्काबुक्की करतात, तेवढंच.

आता "वाचवत होता"वाले, आणि इथे मला जरा जड जातं, कारण यांच्यात मीही होते. व्हिडिओ टाकताना त्यावर "काळूचा आधार" असं मीच लिहिलं होतं. लोक तेच माझ्या तोंडावर मारतात, मारू देत. ते लिहिणारी ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, निदान तासन् तास टँकसमोर बसून बघत तरी होती, तुमच्यासारखी वीस सेकंदांत निकाल देऊन मोकळी झाली नव्हती.

तर त्या दिवसांबद्दल. भोपळी ओरांडा होती, गोल गरगरीत, आणि या फॅन्सी जातींचं दुखणं त्या गोलपणातच असतं, माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवडून त्यांचं शरीर इतकं आखूड केलंय की आतड्याला आणि स्विम ब्लॅडरला (तोल सांभाळणाऱ्या हवेच्या पिशवीला) नीट जागाच उरत नाही. ती आधी शेपटी वर करून तरंगायला लागली, मग कुशीवर, मग पाण्याबाहेर राहिलेला पोटाचा भाग कोरडा पडून लाल झाला. पाणी तपासलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे पाण्यात ही विषं नव्हती. उपास घातला, मग सोललेला उकडलेला वाटाणा दिला. तिला वेगळ्या टबमध्ये काढ असं सगळे सांगत होते आणि मी काढत नव्हते, कारण गोल्डफिश थव्यात राहणारा मासा आहे, एकटा पडला की बिथरतो, कोपरा धरतो, खाणं टाळतो. मोठ्या थव्यात त्यांना खाणंसुद्धा लवकर सापडतं, 1982 च्या एका प्रयोगात हे दिसलंय. पण काळूच्या ढुशा थांबेनात, तिचे खवले निघायला लागले, तेव्हा शेवटी मी भोकांची प्लॅस्टिकची टोपली टँकमध्येच तरंगत ठेवली आणि तिला त्यात सोडलं. पाणी तेच, सोबत तीच, फक्त मध्ये जाळी.

आणि काळू टोपलीला चिकटला. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला खाणं टाकायचे, तो जायचा, खायचा आणि परत टोपलीखाली. लाइट बंद केल्यावर मोबाइलच्या उजेडात बघितलं, तिथेच. मला रडायला आलं, खरंच आलं.

मग डोकं चालायला लागलं. टोपलीला भोकं आहेत म्हणजे तिचा वास बाहेर येतोच आहे, नर तिथेच घुटमळणार. बरं, मग चिंगी का येत होती? चिंगी म्हणजे टँकमधली तिसरी, रयुकिन जातीची गोल्डफिश, मादी, तिला त्या वासाचं काय? तर भोपळीच्या तोंडातून सांडलेल्या वाटाण्याचे कण भोकांतून खाली पडायचे. बरं, मग वाटाणा बंद केल्यावरही दोघं का येत राहिले? तर गोल्डफिशना एकदा खाणं मिळालेली जागा चांगली लक्षात राहते. अशी मी माझ्याच प्रत्येक आशेला कात्री लावत गेले आणि दर वेळी काहीतरी शिल्लक राहायचंच, आजही राहतं, पण ते शिल्लक म्हणजे पुरावा नव्हे हेही कळतं.

भोपळी गेली. त्यानंतर काळू पर मिटून तळाशी बसून राहायला लागला, आणि मला "बघ, त्याला दुःख झालंय" म्हणणाऱ्यांना सांगायचंय की त्याच सुमारास थंडी पडली होती, टँकला हीटर नाही, गार पाण्यात गोल्डफिश मंदावतातच. पण मग चिंगी तर त्याच पाण्यात उंडारत होती! हे मला माझीच जुनी मी ऐकवते, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. मासा माशाला ओळखतो का, एखादा गेल्याचं त्याला कळतं का, मी नाही म्हणत नाही. मी फक्त इतकंच म्हणते की तो व्हिडिओ दाखवून हो म्हणू नका. ज्या हालचालीत अर्धे लोक प्रेम बघतात आणि अर्धे खून, ती बघून आपल्याला बहुतेक बघणाऱ्याबद्दलच जास्त कळतं, आणि हे म्हणताना मी स्वतःला वगळत नाहीये.

आता सगळ्यांचा पुढचा प्रश्न, तिसरा आणणार का. आणलाय. पिल्लूच आहे, महिनाभर वेगळ्या टँकमध्ये क्वारंटाइन, नर की मादी ते एवढ्या लहान वयात सांगता येत नाही. मोठा झाल्यावर गिलवर दाणे उठले तर दोन नर आणि एकटी चिंगी असं होईल, मग तिला श्वास घ्यायला मिळणार नाही. तसं झालं तर तो दुसरीकडे जाईल, कुणी कितीही "राहू दे गं, छान जमलंय त्यांचं" म्हटलं तरी.