सहा वर्षांवर संपणारं पाळणाघर

नोकरी सांभाळून प्रतिपालक कुटुंब म्हणून, म्हणजे दत्तक न घेता बालकल्याण समितीच्या आदेशाने काही काळ सांभाळायला, मूल घरी आणायचं ठरवलं, की बडोद्यात पहिली अडचण येते ती मुलाच्या वयाची. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. केंद्राच्या ‘पालना’ योजनेतली पाळणाघरं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, ही अट २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, पण तिथेही मूल सहाच्या आतलं लागतं. प्रतिपालनात येणारी मुलं मात्र साधारणपणे सहाच्या पुढची असतात. म्हणजे सोय जिथे संपते, नेमका तिथूनच आपला खर्च सुरू होतो. ही गोष्ट गृहभेटीच्या वेळी कुणी आवर्जून सांगत नाही, आणि मूल घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी ती समोर उभी राहते.

म्हणून फीची चौकशी करण्याआधी तासांचा हिशेब मांडा. सकाळपाळीची शाळा सव्वाबाराला सुटते असं धरू. नोकरी अलकापुरीत असो की मकरपुरा जीआयडीसीत, घरी पोचायला साडेसहा वाजतात. रोजचे सुमारे सहा तास उघडे. आता सुट्ट्या. गुजरातमधल्या शाळांना उन्हाळ्याची ३५ दिवसांची आणि दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी असते. या ५६ दिवसांतले रविवार आणि दिवाळीच्या तुमच्या स्वतःच्या रजा वजा केल्या तरी ४५ दिवस असे उरतात, की मूल दिवसभर घरी आणि तुम्ही कामावर. आठवड्याला सहा दिवस काम आणि वर्षाला ३०० कामाचे दिवस धरले, तर २५५ दिवसांचे सहा-सहा तास आणि ४५ दिवसांचे नऊ-नऊ तास मिळून १,९३५ तास होतात.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून प्रतिपालनासाठी मिळणारी मदत दरमहा ४,००० रुपये, वर्षाचे ४८,०००. त्यातला प्रत्येक रुपया फक्त सांभाळण्यावर घातला, दूध-भाजी-कपडे-औषध सगळं खिशातून केलं, तरी तासाला पंचवीस रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. ही मदत तुटपुंजी आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. पण ती मुलाची आहे आणि ती सोडू नये.

ती मिळवताना बडोद्यात एक भाषेचा घोटाळा हमखास होतो. मराठीत पालक म्हणजे आईबाप. गुजरातीत ‘पालक माता-पिता’ म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळणारे. गुजरात सरकारची ‘पालक माता-पिता योजना’ महिना ३,००० रुपयांची आहे. दोन्ही आईवडील नसलेलं, किंवा वडील वारले आणि आईने दुसरं लग्न केलं असं मूल मामा-काका-आजी सांभाळत असतील, तर त्यांच्यासाठी ती आहे. तुम्ही बालकल्याण समितीच्या आदेशाने अनोळखी मूल घरी आणलं असेल तर तुमची वाट वेगळी: बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ४४. कलम ४५ ची प्रायोजकत्व मदत, म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहावं म्हणून त्या घराला मिळणारे पैसे, आणखी वेगळी; तिला वर्षाला ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० ची उत्पन्नमर्यादा आहे. शिवाय पुण्या-नाशिकचे नातेवाईक फोनवर सांगतात, ‘अगं, बालसंगोपनचा अर्ज कर ना.’ ती योजना महाराष्ट्राची. इथे चालत नाही. जिल्हा बाळ सुरक्षा एकम, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष, याच्या खिडकीवर गेल्यावर ‘पालक’ हा शब्द सुटा वापरू नका, ‘फोस्टर केअर, कलम ४४’ असंच म्हणा. एक खेप वाचते.

मदत मंजूर होऊनही पैसे अडकतात, त्याचं नेहमीचं कारण आधार. खात्याला आधार जोडणं आणि सरकारचे थेट लाभाचे (डीबीटी) पैसे त्याच खात्यात यावेत म्हणून ते सीड करणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बालगृहासारख्या संस्थेत असताना मुलाचं दुसऱ्या बँकेत खातं निघालेलं असेल आणि सीडिंग तिथेच राहिलं असेल, तर पैसे त्या जुन्या खात्यात जातात आणि इकडे तुम्ही पासबुक भरत बसता. बँकेत ‘डीबीटीसाठी सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ असा थेट प्रश्न विचारा. दुसरं, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे देऊन आधार अद्ययावत करावं लागतं. संस्थेतल्या मुलांचं हे बरेचदा राहून गेलेलं असतं. समितीच्या आदेशाच्या चार प्रती कायम पिशवीत ठेवा, कारण जन्मदाखल्यावरचं नाव आणि तुमचं आडनाव जुळत नाही हे बघून टेबलावरचा माणूस थांबतोच. आणि पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून कुणाला शब्द देऊ नका. तीन महिन्यांची सांभाळण्याची फी आधीच बाजूला असावी.

करसवलतीची आशाही ठेवू नका. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांना मुलांच्या शाळेच्या शिकवणी शुल्काची वजावट असते, पण आयकर कायद्यातल्या ‘मूल’ या व्याख्येत सावत्र आणि दत्तक मुलाचा उल्लेख आहे, प्रतिपालित मुलाचा नाही. रजेचंही तसंच: मातृत्व रजेच्या तरतुदीत दत्तक घेणारी आई आहे, प्रतिपालक आई नाही. हा अन्याय आहे असंच वाटतं. नियम बदलेपर्यंत उपाय एकच, मूल यायच्या आधीच्या वर्षी हक्काच्या रजा साठवायच्या.

आता मूल ठेवायचं कुठे. रावपुरा, डांडिया बाजार, वाडी या जुन्या भागांत अजूनही घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या मराठी काकू सापडतात. नव्या वस्त्यांत डे-केअर. घोडियाघर (पाळणाघराचा गुजराती शब्द) म्हणून विचाराल तर तान्ह्यांचीच जागा दाखवतील, म्हणून ‘शाळेनंतर सांभाळता का, कितव्या वर्षापर्यंत’ हे आधी विचारा. नुसत्या ट्यूशनवर भिस्त ठेवू नका. ती दोन तासांची. उरलेले चार तास मूल कुठे असतं याचं उत्तर तुम्हाला भेटीला येणाऱ्या समाजकार्यकर्तीला द्यावं लागतं.

दर एकच विचारून परत येऊ नका. शाळेच्या दिवसांचा अर्ध्या दिवसाचा दर, सुट्टीतला पूर्ण दिवसाचा दर, उशीर झाल्यास पंधरा मिनिटांमागे किती, जेवण धरून की डबा आपला, आणि उत्तरायणाला (संक्रांतीला) दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणसकट बंद असतं का, हे सगळं कागदावर घ्या. हमखास विसरतो तो खर्च शाळेपासून पाळणाघरापर्यंतच्या रिक्षाचा. वॅनवाले काका शाळा ते घर नेतात. वाटेतला तिसरा थांबा म्हणजे वेगळे पैसे, आणि बरेच जण सुट्टीच्या महिन्याचेही घेतात.

वर्षाची फी एकरकमी भरली तर सवलत देतो, असं कुणी म्हटलं तर प्रतिपालकांनी ती घेऊ नये. बालकल्याण समिती मुलाला जन्मदात्या घरी परत पाठवू शकते, आणि तो निर्णय पाळणाघराचं वर्ष बघून होत नाही. महिन्याची फी, जास्तीत जास्त एका महिन्याची अनामत, आणि ती परत मिळेल असं लिहून.

मूल रोज दुपारी दुसऱ्या कुणाकडे असेल तर ते लपवू नका. पाळणाघराचं नाव, पत्ता आणि वेळ बाळ सुरक्षा एकमला लेखी कळवा आणि मुलाच्या वैयक्तिक देखभाल योजनेत, म्हणजे त्याच्या संगोपनाच्या लेखी आराखड्यात, नोंदवून घ्या. सुट्टीत चार दिवस दुसऱ्या गावच्या आत्याकडे ठेवायचं असेल तर आधी परवानगी.

पाळणाघरात पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगायच्या. एक, मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं त्या दोघातिघांची नावं, फोटोसह. ‘मी सख्खा मामा’ म्हणून कुणी दारात आलं तरी आधी तुम्हाला फोन. दोन, फोटो नाही. डे-केअरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज संध्याकाळी फोटो पडतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. काकूंना कलम नको असतं, ‘त्याचा फोटो कुठेच टाकू नका’ एवढं पुरतं. मुलाची मागची कहाणी मात्र सांगू नये. ती त्याची आहे.

एक मात्र सांगावंच लागतं. संस्थेत वाढलेली बरीच मुलं खाणं साठवतात. दप्तराच्या खालच्या कप्प्यात वहीच्या कागदात गुंडाळलेली अर्धी पोळी निघते, कडक झालेली, कडेला तुपाचा डाग. सांभाळणारी बाई त्याला चोरी समजली तर मूल त्या घरात पुन्हा सैल होत नाही. काकूंना सांगा: ओरडू नका, काढूनही घेऊ नका, रोज चार वाजता हातात काहीतरी खायला द्या आणि ‘उद्याही आहे’ असं म्हणा. बऱ्याच मुलांची पोळी काही आठवड्यांत आपोआप थांबते, काहींची महिनोन्‌महिने चालते. त्यासाठीच पहिले पंधरा दिवस घाई करू नये: पहिले तीन दिवस तुमच्यासोबत तासभर, मग एकटं तासभर, मग जेवणापर्यंत, मग पूर्ण वेळ. या दिवसांची फी पूर्ण भरावी लागते आणि तुमची रजाही जाते; हा दुहेरी खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच लिहा.

आणि समितीचा परत पाठवण्याचा आदेश आला, तर काकूंना त्याच दिवशी कळवा, मुलाला निरोप घ्यायला एक दुपार मिळेल असं बघा. हिशेब चुकता करताना तिथली चित्रकलेची वही, पाण्याची बाटली, भिंतीवर चिकटवलेला पतंग मागून घ्या. ते सामान त्याच्या बॅगेत जायला हवं.