लोधी गार्डनमध्ये मावशीचे फोटो

मावशीची साठी होती, पण स्टुडिओत जायला ती तयार नव्हती. "पडद्यापुढे ताठ बसायला मी काय पासपोर्ट काढतेय?" फेब्रुवारीत ती दिल्लीला आमच्याकडे येणारच होती, म्हणून लोधी गार्डन ठरवलं. नोव्हेंबरच्या धुरक्यात इथे घुमटही पुसट दिसतात आणि मे महिन्यात माणूसच वितळतो. फेब्रुवारीत ऊन मऊ असतं, फुलंही असतात.

आधी मी एकटीच जाऊन आले. नव्वद एकरांत साठीच्या बाईला उगाच फिरवायचं नसतं. बाग नवी दिल्ली नगरपालिकेची आणि आतल्या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या. वास्तूंपाशी ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते, मग तो घरीच ठेवायचं ठरवलं. घरगुती फोटोंना कॅमेरा हातात असला तरी पुरतं. प्री-वेडिंगवाल्यांसारखा लवाजमा नेला की रखवालदार आडवा येणारच, आणि त्याचं बरोबरच असतं.

खरा प्रश्न उन्हाचा. बडा गुंबदला लागून 1494 ची मशीद आहे. भारतात किब्ला, म्हणजे नमाज पढताना तोंड करायची दिशा, पश्चिमेला, त्यामुळे मशिदीचं तोंड पूर्वेकडे. म्हणजे सकाळचं ऊन थेट तिच्या दर्शनी कमानींवर. चुन्यातलं कोरीव काम तिरप्या उन्हात असं उठून दिसतं की दुपारी गेलेल्यांना ते दिसतच नसावं. फक्त समोर मेहमानखाना म्हणतात ती लांबट इमारत आहे, त्यामुळे ऊन अंगणात उतरायला वेळ लागतो. तोवर शीश गुंबद गाठायचा. त्यावर निळ्या फरशांचे पट्टे अजून शिल्लक आहेत.

साडीवरून मात्र वाद झाला. मावशीला हिरवी पैठणी नेसायची होती. हिरवळीत ती हरवली असती, शिवाय गवताचा हिरवा रंग हनुवटीखाली चढतो आणि माणूस आजारी दिसतो. शेवटी डाळिंबी पैठणी ठरली. करड्या दगडापुढे ती एकदम खुलली. हनुवटीखालची सावली घालवायला भाच्याच्या हातात थर्माकोलचा पांढरा पत्रा दिला. त्याने तो बराच वेळ उलटसुलट धरला, पण काम झालं.

रविवार टाळला होता, तरी सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ होतीच. त्यावर उपाय म्हणजे 85 मिलिमीटरची लेन्स आणि मोठं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड मोठं उघडलेलं: मागची माणसं रंगांचे ठिपके होऊन जातात. घुमट अख्खा हवा असेल तर मावशीला इमारतीपासून लांब, माझ्या जवळ उभं करायचं. पायरीवर चिकटवून उभं केलं की माणूस मुंगीएवढा दिसतो.

ऊन कडक झाल्यावर मुहम्मद शाह सय्यदच्या अष्टकोनी मकबऱ्याच्या ओवरीत शिरलो. कमानीतून येणारा सावलीतला उजेड चेहऱ्याला फार मानवतो. तिथे मावशीला म्हटलं, "कॅमेऱ्याकडे बघूच नकोस, पुरणाला कणीक कशी भिजवायची ते भाच्याला सांग." हातवारे सुरू झाले आणि सगळ्यात चांगले फोटो तिथेच मिळाले. शेवटी अठपुलावर गेलो. खांब आठ, कमानी सात. मावशीने मोजून खात्री केली आणि मगच पोज दिली.

फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले. नाहीतर पैठणीची जर नाशिकपर्यंत पोचतच नाही.